चौथ्या वर्षी धरण फुटलं नाही

आमच्या सुरक्षा अभ्यास विभागात एखादी गोष्ट खरोखर गुप्त ठेवायची असेल, तर ती सूचना फलकावर लावत. तिथलं कुणी काही वाचत नसे. बाकी सगळं कडीकुलपात. खडूंची पेटी कपाटात, त्या कपाटाची किल्ली दुसऱ्या कपाटात, आणि दुसऱ्या कपाटाची किल्ली शिक्काकाकूंच्या कमरेला.

शिक्काकाकू म्हणजे विभागाच्या कारकून. त्यांचं टेबल जिन्याच्या तोंडाशी, विभागप्रमुख मॅडमच्या दाराला खेटून. टेबलावर एकाच दोरीत ओवलेले दोन चष्मे, शाईची गादी, कागद मोजताना बोटाला घालायचं रबर, खोकल्याच्या गोळ्यांचा डबा आणि ‘गोपनीय’ असा एक जाडजूड शिक्का. हा शिक्का हाती लागल्यापासून काकूंनी काही शिल्लक ठेवलं नव्हतं. रजेचे अर्ज गोपनीय, मोडक्या खुर्च्यांची यादी गोपनीय. एकदा बेसिनचा नळ गळतो म्हणून त्यांनी प्लंबरला चिठ्ठी पाठवली, तीही शिक्का मारून. तो बिचारा सरळमार्गी. गोपनीय आहे म्हटल्यावर त्यानं ती उघडलीच नाही, आणि नळ दोन महिने गळत राहिला.

शिक्का असला गप्पांचा वैरी आणि बाई मात्र अखंड बोलणारी. सकाळी नऊला जिना चढताना काकूंचं जे वाक्य सुरू व्हायचं, त्याला पूर्णविराम संध्याकाळी. पण एक गोष्ट होती. काकू बोलायच्या भरपूर आणि सांगायच्या काहीच नाहीत. माझी गोष्ट तुला, तुझी गोष्ट मला, असलं त्यांनी कधी केलं नाही. आम्ही विद्यार्थी नेमके उलटे. ओठ शिवल्यासारखे गप्प फिरायचो आणि आमचं सगळं सगळ्यांना माहीत असायचं.

त्यांच्या बोलण्याचं मूळ मला एकदा त्यांच्या घरी कळलं. फाईल द्यायला गेले होते. लाँड्रीच्या वर दोन खोल्या, खालून इस्त्रीची ऊब येणारी फरशी. खिडकीशी काका बसलेले. काका छापखान्यात मुद्रितं तपासायचे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढून निवृत्त झाल्यावर त्यांनी बोलणंच सोडून दिलं होतं, कारण बोलण्यात चुका होतात. मी गेले तेव्हा ते म्हणाले, “या.” तासाभरानं मी निघाले तेव्हा म्हणाले, “बरं.”

काकू मला जिन्यापर्यंत सोडायला आल्या. “आज हे फार बोलले हो,” त्या म्हणाल्या. “तू आलीस म्हणून. मी घरी भिंतींशी बोलते गं. तुमच्या विभागात निदान भिंतींना कान तरी आहेत.”

हे सांगून त्या हसल्या. मी पण हसले, आणि खाली रस्त्यावर आल्यावर मला जरा वाईट वाटलं.

आता धरणाबद्दल. चार विद्यापीठांनी मिळून एक जोड अभ्यासक्रम काढला होता: आमचं, राजधानीचं, बंदराचं आणि डोंगरावरचं. चारही ठिकाणच्या सुरक्षेच्या विद्यार्थ्यांनी एकमेकांकडून शिकावं, असा उदात्त हेतू. वर्षातून एकदा तीन दिवस सगळे आमच्याकडे जमायचे आणि संयुक्त सराव व्हायचा. कागदावरची एक नदी, नदीवर एक धरण, धरणाखाली चाळीस हजार वस्तीचं एक गाव. धरणाला धोका आहे. काय धोका आहे, याची माहिती चार कागदांत वाटलेली. प्रत्येक संघाला एक कागद. चौघांनी आपापले कागद एकत्र ठेवले तर शाळकरी पोरालाही उत्तर सापडावं, इतकं ते सोपं होतं.

तीन वर्षं सलग धरण फुटलं.

कारण कागद दाखवणार कोण? आम्ही सुरक्षेचे विद्यार्थी. पहिल्या वर्गात आम्हाला शिकवलेलं, की माहिती म्हणजे सत्ता. ते आम्ही इतकं मनावर घेतलेलं, की शेजारच्याला तास किती वाजता आहे तेसुद्धा सांगायचो नाही. संयुक्त अहवाल म्हणून दर वर्षी चार अहवाल यायचे, आणि प्रत्येकात चूक इतर तिघांची असायची. निकालाच्या दिवशी मॅडम थंडपणे वाचून दाखवायच्या, “बुधवार, दुपारी तीन. धरण फुटलं. चाळीस हजार.” आम्ही मान हलवून चहाला जायचो. काकू मात्र चिडायच्या. “अरे, तेवढी माणसं गेली आणि बिस्किटं कसली खाताय?” त्यांना ती माणसं कागदावरची वाटायचीच नाहीत.

चौथ्या वर्षी प्रकरण अंगाशी आलं. चारही विद्यापीठांची एक समिती सराव पाहायला येणार होती, आणि यंदाही धरण फुटलं तर अभ्यासक्रम बंद. अभ्यासक्रम बंद म्हणजे काकूंची जागाही बंद, कारण ती जागा त्यासाठीच काढलेली. बदलीचा कागद आधीच तयार होता: परीक्षा भवनाचं तळघर, कोऱ्या उत्तरपत्रिकांचं कोठार. तिथं एकच टेबल, एकच माणूस आणि छतापर्यंत कोरा कागद. आधीचे कारकून तिथं अकरा वर्षं एकटे होते. त्यांच्या निरोप समारंभात त्यांना दोन शब्द बोला म्हटलं. ते उठले, एकपासून पंचवीसपर्यंत मोजलं आणि बसले. गठ्ठा पंचविसाचा असतो.

“मी तिथं महिनाभरसुद्धा...” काकू म्हणाल्या होत्या. घरी काका आणि कचेरीत कोरा कागद. मी त्यांना पहिल्यांदाच असं अर्ध्या वाक्यात थांबलेलं पाहिलं.

सराव सोमवारी सुरू झाला आणि घोळही सोमवारीच झाला. त्याचं असं, की चार कागद चार पाकिटांत घालून काकूंनी शुक्रवारीच चार खोल्यांसाठी लावून ठेवले होते. पाकिटांवर काही लिहायचं नाही, असा मॅडमचा दंडक. लिहिलं की कळतं. म्हणून पाकिटं कोरी, फक्त कोणतं कोणत्या खोलीत जायचं ते काकूंच्या डोक्यात. रविवारी पहिल्या खोलीला रंग दिला गेला. सोमवारी सकाळी राजधानीच्या संघाला वासानं शिंका यायला लागल्या, तेव्हा शिपायानं त्यांना दुसऱ्या खोलीत बसवलं, दुसरीतल्या बंदरवाल्यांना तिसरीत, तिसरीतल्या डोंगरवाल्यांना चौथीत, आणि चौथीतल्या आम्हाला, घरचेच आहेत म्हणून, रंगाच्या वासात पहिल्या खोलीत. हे त्यानं काकूंना सांगितलं नाही. आमच्या विभागात सांगायची पद्धतच नव्हती.

काकूंनी दाराखालून सरकवलेलं पाकीट आम्ही नऊ वाजून वीस मिनिटांनी फोडलं. कागदावर ठळक लिहिलेलं: “फक्त राजधानीच्या संघासाठी.”

शहाण्या माणसानं काय केलं असतं? उठून काकूंकडे गेला असता. आम्ही काय केलं? आमच्या संघप्रमुखानं, म्हणजे मी, नियमाप्रमाणे कागदाच्या मागे वेळ घातली, सही केली आणि दार लावून घेतलं. हा सापळा आहे, यावर आमचं एकमत झालं. कागदात लिहिलं होतं, की नदीवर आणखी वर असलेल्या दुसऱ्या धरणातून बुधवारी सकाळी पाणी सुटणार. याचा अर्थ सुटणार नाही, असं एकजण म्हणाला. दुसरा म्हणाला, आपल्याला तसं वाटावं म्हणूनच तर सुटणार. दुपारपर्यंत आम्ही त्या एका ओळीचे नऊ अर्थ लावले, आणि दहावा, म्हणजे पाकीट चुकलंय हा, कुणाच्या डोक्यात आला नाही. आला असेल तर त्यानं तो गुप्त ठेवला.

बाकी तीन खोल्यांतही हेच चाललं होतं. चोराच्या मनात चांदणं.

जेवणाच्या सुट्टीत एकेक जण काकूंच्या टेबलाकडे घरंगळायला लागला. पहिला आला राजधानीचा संघप्रमुख. त्याला आम्ही कोट म्हणायचो, कारण उन्हाळ्यातही तो कोट उतरवत नसे. त्यानं टेबलावर एक सफरचंद ठेवलं. “काकू, समजा, नुसतं समजा हं, एखाद्या संघाला समजा दुसऱ्याचं काही मिळालं...” मग बंदरवाली आली. तिनं चॉकलेट ठेवलं आणि विचारलं, की पाकिटं कोण भरतं, हे सहज आपलं माहितीसाठी. मग डोंगरवाला. तो इतक्या हळू बोलायचा की त्याचं गुपित त्याच्या स्वतःच्या कानापर्यंत पोचत नसेल. त्यानं नवं पेन ठेवलं आणि काही न विचारताच गेला. ताकाला जाऊन भांडं लपवणारे हे तिघं.

चौथी मी. मी काहीच नेलं नव्हतं.

“ये,” काकू म्हणाल्या. “तुझीच वाट बघत होते. कुणाचा आलाय तुला?”

“काय कुणाचा?”

“शहाणपणा करू नकोस. शिपायाला आत्ता विचारलं मी. खोल्या सरकल्यात.” त्यांनी दोन्ही चष्मे काढले. डोळे लाल झाले होते. “चारही पाकिटं चुकली गं. माझ्या हातून. सव्वीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा. आता आत जाऊन मॅडमना सांगते.”

खरं सांगते, त्या क्षणी मला काकूंची काळजी होती, पण सगळीच काळजी त्यांची नव्हती. आमच्याकडे राजधानीचा कागद होता. तो हातचा जाऊ द्यायला माझा जीव होत नव्हता. मी म्हणाले, “सांगितलंत तर सराव रद्द. सराव रद्द म्हणजे कोठार.”

“आणि नाही सांगितलं तर?”

“तर धरण फुटेल.”

“म्हणजे पण कोठारच.” काकूंनी सफरचंद बाजूला सारलं. “अगं, मग तुम्ही आपसात बदला की कागद. तुझ्याकडे कोटाचा आहे. तो त्याला दे, तुझा त्याच्याकडून घे.”

“माझा त्याच्याकडे नसेल.”

मग आम्ही रद्दी कागदाच्या पाठीवर चार खोल्या काढल्या. कोटाचा माझ्याकडे. माझा डोंगरवाल्याकडे. डोंगरवाल्याचा बंदरवालीकडे. बंदरवालीचा कोटाकडे. कुठल्याही दोघांनी कितीही बदलाबदल केली, तरी काम होत नव्हतं. चौघं एका जागी आल्याशिवाय एकालाही स्वतःचा कागद मिळणार नव्हता. काकूंनी त्या चित्राकडे बघितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. प्लंबरची चिठ्ठी आठवली की जे खट्याळ हसू यायचं, त्याच्या जवळपासचं काहीतरी.

“मंगळवारी चार वाजता कागदांच्या खोलीत ये,” त्या म्हणाल्या. “तुझा कागद ज्याच्याकडे आहे, तो येणार आहे. बाकी कुणाला सांगू नकोस. गोपनीय.”

कागदांची खोली म्हणजे जिन्याखालची एक चिंचोळी जागा. दोन्ही बाजूंना कोऱ्या कागदांची रिमं, मधे एक माणूस आडवा चालेल इतकी वाट. मी मंगळवारी चारला गेले तर आत कोट उभा. त्यालाही “तुझा कागद ज्याच्याकडे आहे तो” सांगितलेलं. पाठोपाठ डोंगरवाला, मग बंदरवाली. चौघांनी चौघांकडे बघितलं. चौघंही एकदम बाहेर निघालो आणि दाराला बाहेरून कुलूप लागल्याचा आवाज झाला.

“काकू!”

“अगं बाई,” पलीकडून काकू म्हणाल्या. “किल्ली कुठं गेली कोण जाणे. शोधते हं.” आणि किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवत त्या आपल्या टेबलाकडे निघून गेल्या.

फोन आमचे काकूंच्याच खणात जमा होते. पहिला अर्धा तास आम्ही रिमं वाचली. ऐंशी ग्रॅम, पाचशे ताव. मग कोटानं कोट काढला, कारण आत उकडत होतं, आणि कोटाच्या आतल्या खिशातून कागदाचा कोपरा दिसला. बंदरवालीनं तो ओळखला. “तो माझाय.”

“कशावरून?”

“वर लिहिलंय, ‘फक्त बंदराच्या संघासाठी’.”

“तसं लिहिलं म्हणजे तुझाच असं कशावरून?”

हे वाक्य त्यानं उच्चारलं आणि स्वतःच थांबला. बंदरवालीला हसू फुटलं. मग मला. मग डोंगरवाला हसला, आणि त्याचं हसणं बोलण्याच्या चौपट मोठं निघालं. हसता हसताच त्यानं आमच्या संघाचा कागद रिमांवर टाकला. मी जड हातानं राजधानीचा टाकला. जड हातानं, हे लिहिताना आजही लाज वाटते, पण तसाच टाकला.

चार कागद शेजारी शेजारी ठेवले. वरून बुधवारी पाणी सुटणार. समुद्राला भरती, म्हणून खालचं पाणी गुरुवारपर्यंत ओसरणार नाही. तिसरा दरवाजा दुरुस्तीला, उघडत नाही. आणि गावाबाहेर पडायचा पूल वाहनांना बंद, फक्त पायी. म्हणजे उरलेल्या दरवाजांतून आजपासूनच थोडं थोडं पाणी सोडायचं आणि गाव आत्ताच चालत हलवायचं. दहा मिनिटं लागली. तीन वर्षांत एक लाख वीस हजार माणसं आम्ही या दहा मिनिटांसाठी बुडवली होती.

नंतर मात्र आम्ही दार वाजवलंच नाही. बंदरवालीनं भरतीची कोष्टकं कशी वाचायची ते दाखवलं. डोंगरवाल्याचे वडील खरोखरच धरणावर कामाला होते. दरवाजा अडकला तर काय करतात ते त्यानं हळूहळू सांगितलं, आणि आम्ही त्याचं ऐकायला वाकून वाकून बसलो. त्या दोन तासांत मी जे शिकले ते तीन वर्षांत शिकले नव्हते. पावणेसातला काकूंना किल्ली सापडली. ती कमरेलाच होती.

निघताना मी तिघांना कोठाराबद्दल सांगितलं. विभागातली गोष्ट मी पहिल्यांदाच कुणाला तरी मुद्दाम सांगितली.

बुधवारी आयुष्यात पहिल्यांदा एकच अहवाल गेला. मॅडमनी वाचला, “बुधवार, दुपारी तीन. धरण सुरक्षित. जीवितहानी नाही.” मागे काकू उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला.

समितीचे अध्यक्ष निवृत्त अधिकारी होते. वयस्कर, कानात यंत्र, बोलणं कमी. त्यांनी अहवाल बाजूला ठेवला आणि चार मूळ कागद मागवले. ते उलटे केले. झालं. प्रत्येक कागदाच्या मागे सोमवार, नऊ वाजून वीस मिनिटं, आणि प्रत्येक सही भलत्याची. चुकीचा कागदसुद्धा आम्ही नियमाप्रमाणे सही करून घेतला होता.

“पाकिटं चुकली होती?” अध्यक्षांनी विचारलं. मॅडमचा चेहरा पांढरा पडला. पाकिटं चुकली असतील तर सराव बाद.

“हो साहेब,” मागून काकू म्हणाल्या. कुणी त्यांना विचारलंही नव्हतं. “मी चुकवली. खोल्या बदलल्या ते बघितलं नाही मी. या पोरांचा काही दोष नाही.”

“नाही सर,” कोट उठला. “पाकिटं बरोबर होती. ज्याचं त्याला मिळालं. आम्हीच आपसात कागद बदलले. सहकार्य म्हणून.”

“सोमवारी नऊ वीसला?”

“हो सर.”

“पाकिटं वाटली किती वाजता?”

“नऊ अठराला,” बंदरवाली म्हणाली.

“म्हणजे दोन मिनिटांत चार विद्यापीठांचं एकमत झालं. ज्यांचं तीन वर्षांत झालं नाही.”

“एक मिनिटात,” डोंगरवाला म्हणाला, आणि या वेळी तो सगळ्या खोलीला ऐकू गेला. “दुसरं मिनिट सह्यांना लागलं.”

“अरे, खोटं का बोलताय?” काकू संतापल्या. “साहेब, ही पोरं खोटं बोलताहेत. मीच चुकवली!”

“काकूंना गैरसमज झालाय,” मी म्हणाले. हे म्हणताना मी काकूंकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर रडले असते.

अध्यक्षांनी कानातलं यंत्र काढलं, पुसलं, परत घातलं. मग लिहायला घेतलं. बराच वेळ लिहीत होते. तो शेरा पुढे विभागात आला आणि काकूंनी मला दाखवला, म्हणून मला शब्दन् शब्द पाठ आहे:

“पाकिटांत चूक झाल्याचा आरोप फक्त कारकून बाईंनी केला. तो खोडून काढताना चारही विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांत पूर्ण संगनमत आढळलं. अभ्यासक्रमाचा हेतू हाच असल्यानं तो पुढे चालू ठेवावा. कारकून बाईंची बदली करू नये. या विभागात खरं बोलणारी निदान एक व्यक्ती असणं सुरक्षेच्या दृष्टीनं आवश्यक आहे.”

काकूंनी तो कागद तीनदा वाचला, दोन्ही चष्म्यांनी. मग डोळे पुसले, त्यावर ‘गोपनीय’ शिक्का मारला आणि नेऊन सूचना फलकावर लावला. काकू निवृत्त होईपर्यंत तो तिथंच होता. विभागात तो फक्त आम्हा दोघींनी वाचला.